कोळसा वाढला, पण घर कुणाला मिळालं? एका ‘१०० टक्के’ आकड्याची उलटतपासणी

कोळसा मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांमध्ये कामगार कल्याणाचं एक प्रकरण असतं. त्यात घरांविषयीचा एक परिच्छेद वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच शब्दांत छापून येत आला आहे. त्याचा आशय असा: राष्ट्रीयीकरणाच्या वेळी खाण कामगारांसाठी, निकृष्ट दर्जाची धरूनही, सुमारे १ लाख १८ हजार घरं होती. पुढे ती जवळपास ४ लाखांपर्यंत गेली आणि आता ‘गृहनिर्माण समाधान’ १०० टक्क्यांवर पोहोचलं आहे.

वाचून बरं वाटतं. पण तुम्ही नेट-सेट करून पीएचडीच्या प्रवेशासाठी विषय शोधत असाल, तर असं बरं वाटणारं वाक्य दिसलं की तिथेच थांबायची सवय लावून घ्या. १०० टक्के कशाचे? कुणाला धरून? कुणाला वगळून? आज आपण हा एकच आकडा उघडून बघू. त्यात भारताच्या कोळसा उत्पादनाचा इतिहास कळेल आणि एका साध्या आकड्यातून संशोधनाचा प्रश्न कसा घडतो तेही कळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी

भारतात व्यापारी कोळसा खाणकाम सुरू झालं ते १७७४ मध्ये, बंगालमधल्या राणीगंजला. खरा जोर आला तो १८५५ मध्ये रेल्वे राणीगंजपर्यंत पोहोचल्यावर. रेल्वेला कोळसा लागत होता आणि कोळशाला बाजारापर्यंत नेणारी रेल्वेच होती. मग झरियाचं खाणक्षेत्र उघडलं आणि राणीगंज-झरिया पट्टा देशाच्या कोळशाचं कोठार झाला.

या खाणींत काम करायला कोण आलं? मुख्यतः आसपासची संथाळ, बाउरी वगैरे आदिवासी आणि दलित कुटुंबं. पुरुष कोळसा फोडायचा, बायको तो टोपलीतून वाहून गाडीत भरायची. काम कुटुंबाचं होतं, मजुरीही भरलेल्या गाड्यांच्या हिशोबाने. पेरणी आणि कापणीच्या वेळी ही मंडळी गावी परतायची. मालकांच्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत याला ‘गैरहजेरी’ म्हटलंय. कामगाराच्या बाजूने बघितलं तर ती गैरहजेरी नव्हती. शेती हा त्याचा विमा होता आणि खाण ही जोडकमाई.

इथेच घराचा प्रश्न येतो. कामगार वर्षभर खाणीवर राहावा असं वाटत असेल तर त्याला तिथे राहायला जागा हवी. मालकांनी दोन उपाय वापरले. पहिला, जमीन. गिरिडीहसारख्या ठिकाणी खाणीत काम करण्याच्या अटीवर कसायला जमीन मिळायची. काम सोडलं की जमीन गेली. दुसरा उपाय म्हणजे धौडा: एकाला एक लागून बांधलेल्या एकखणी खोल्यांची रांग. खिडकी नाही, पाण्याची सोय लांब, एकाच खोलीत चूल आणि झोपणं.

धौड्यांची तक्रार काही नवी नाही. १९१२ मध्ये बंगालात आणि १९२० मध्ये बिहार-ओरिसात खाणवस्त्यांच्या आरोग्यासाठी कायदे झाले आणि आसनसोल, झरियाला आरोग्य मंडळं आली. १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरने (ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते) खाण कामगारांच्या राहणीची दखल घेतली. पण घर ही मालकाची जबाबदारी की सरकारची, याचा निकाल लागला नव्हता.

१९४३: कोळसा कमी पडला तेव्हा

दुसऱ्या महायुद्धात रेल्वे, पोलाद कारखाने, बोटी, सगळ्यांना जास्त कोळसा हवा होता. नेमकं तेव्हाच उत्पादन घसरलं. १९४२ मध्ये ते सुमारे २.९ कोटी टन होतं, १९४३ मध्ये सुमारे २.५ कोटी टनांवर आलं.

कारण काय? खाणीखाली कोळसा संपला नव्हता. माणसं निघून गेली होती. लष्कराच्या विमानतळांची आणि रस्त्यांची कामं त्याच भागात निघाली. तिथे उघड्यावर काम करून मजुरी बरी मिळत होती. धान्याचे भाव वाढल्यामुळे शेतीत राहणं परवडायला लागलं. आणि त्याच वर्षी बंगालचा दुष्काळ पडला. मग अंधाऱ्या खाणीत उतरायचं आणि रात्री धौड्यात झोपायचं, हे कोण आणि का करेल?

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं (१९४२–४६). डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातल्या खाणी बघायला गेले. खाणीत उतरले, कामगारांची घरंही पाहिली. त्यानंतर लगेच, जानेवारी १९४४ च्या शेवटी, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. १९४७ मध्ये त्याच धर्तीवर कायदा झाला. तरतूद अशी की खाणीतून रवाना होणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर काही आण्यांचा उपकर घ्यायचा आणि तो पैसा कामगारांसाठी वापरायचा. १९४७ च्या कायद्यात निधीची दोन खाती केली: एक घरांचं, दुसरं सर्वसाधारण कल्याणाचं. घरांसाठी स्वतंत्र खातं असणं ही फार मोठी गोष्ट होती. घर आता मालकाच्या मर्जीवर राहिलं नाही, कोळशाच्या प्रत्येक टनावर त्याचा हक्क लागला.

पण याच काळातली दुसरी बाजूही नीट बघा. बायकांना जमिनीखालच्या कामाला तीसच्या दशकात बंदी आली होती. १९४३ मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी ती उठवली गेली. त्यावर केंद्रीय विधिमंडळात टीका झाली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकरांनी सरकारच्या निर्णयाचं समर्थन केलं. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, बंदी पुन्हा लागू झाली. याशिवाय गोरखपूर भागातून कंत्राटावर मजूर आणून त्यांना छावण्यांमध्ये ठेवलं गेलं. कुटुंब नाही, फक्त पुरुष, बराकीसारखं राहणं.

म्हणजे एकाच संकटाला तीन उत्तरं एकाच वेळी चालू होती. कुटुंबाला घर देऊन स्थिर करायचं, बायकांना पुन्हा खाली उतरवायचं, आणि एकट्या पुरुषांना छावणीत आणायचं. पहिलं उत्तर महाग आणि हळू, बाकीची दोन स्वस्त आणि झटपट. ही जोडी लक्षात ठेवा, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

उपकराच्या पैशातून घर बांधणं इतकं अवघड का?

निधी आला, पन्नास हजार घरांची भाषा झाली. धनबादजवळ भुलीला मोठी श्रमिक वसाहत उभी राहिली. पण एकूण कामगारसंख्येच्या मानाने घरं फार सावकाश वाढली. याला सरकारी दिरंगाई एवढंच कारण देऊन मोकळं होता येत नाही. तीन अडचणी या योजनेच्या रचनेतच होत्या.

पहिली, वेळेची. उपकर कोळसा रवाना झाल्यावर गोळा होतो. घर मात्र कामगार येतो त्या दिवशी लागतं. उत्पादन जितकं झपाट्याने वाढवायचं, तितकी ही दरी रुंद होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत कोळशाचं उद्दिष्ट ३.८ कोटी टनांवरून ६ कोटी टनांवर नेलं होतं. त्यासाठी १९५६ मध्ये राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळ स्थापन झालं. कोरबा, करणपुरा अशी नवी क्षेत्रं हाती घेतली. तिथे आधीची वस्तीच नव्हती, म्हणजे आधी माणूस आणा आणि मग घर, ही पद्धत चालणार नव्हती. सार्वजनिक क्षेत्राला खाणीबरोबरच वसाहतही उभारावी लागली. जुन्या खाजगी खाणींना मात्र धौड्यांवर वेळ निभावता येत होती.

दुसरी अडचण, जागेची. मला स्वतःला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोळशाच्या पट्ट्यात घर बांधायचं कुठे? खाणीजवळ बांधलं तर खाली कोळसा असतो. घर ठेवायचं म्हटलं तर खालचा कोळसा सोडावा लागतो, आणि कोळसा काढला तर जमीन खचते. खाणीपासून लांब बांधलं तर तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला रोजची पायपीट, बायकोला जवळपास काम नाही, शेजारपाजार तुटलेला. चार भिंती चांगल्या असूनही असं घर नकोसं होतं. पुढे धोरण बदललं आणि निधीच्या पैशातून, पण खाणमालकांच्या हातून आणि त्यांच्याच जागेवर घरं बांधायच्या योजना आल्या.

तिसरी अडचण, अधिकाराची. नोकरीबरोबर मिळणारं घर नोकरीबरोबर जातं. संपात, बडतर्फीत किंवा निवृत्तीनंतर कामगाराच्या डोक्यावरचं छप्पर वाटाघाटीची वस्तू होतं. म्हणून कामगाराचं घर हा विषय फक्त विटा-सिमेंटचा नाही, त्यात सत्ता आहे. गिरिडीहची जमीन आणि कंपनीचं क्वार्टर यांत हा धागा सारखाच आहे.

राष्ट्रीयीकरणानंतर: हिशोब बदलला

१९७१ ते १९७३ दरम्यान आधी कोकिंग आणि मग इतर कोळशाच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. १ नोव्हेंबर १९७५ ला कोल इंडिया स्थापन झाली. तेव्हा तिचं वर्षाचं उत्पादन सुमारे ७.९ कोटी टन होतं आणि कामगार सहा लाखांहून अधिक. बहुतेक कोळसा भूमिगत खाणींतून यायचा.

आज? २०२४-२५ मध्ये कोल इंडियाने सुमारे ७८ कोटी टन कोळसा काढला. देशाचं एकूण उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं. कंपनीच्या पटावरची माणसं मात्र सुमारे सव्वादोन लाख उरली आहेत. उत्पादन जवळपास दहापट, माणसं जवळपास एक तृतीयांश. हे कसं शक्य झालं? खुल्या खाणींमुळे. आज कोल इंडियाचा ९५ टक्क्यांहून जास्त कोळसा खुल्या खाणींतून येतो. तिथे अवजड यंत्रं माती उपसतात, डंपर वाहतात. आणि या मातीउपशाचं, वाहतुकीचं बरंच काम कंत्राटदारांकडे असतं.

आता सुरुवातीच्या आकड्याकडे परत येऊ.

१०० टक्के म्हणजे काय?

‘समाधान’ या शब्दाने फसू नका. इथे कुणाच्या दारात जाऊन “घर कसं आहे?” असं विचारलेलं नाही. हे एक गुणोत्तर आहे: वर उपलब्ध घरं, खाली कंपनीचे कर्मचारी. कुठलंही गुणोत्तर दोन प्रकारे वाढतं, वरचा आकडा वाढवून किंवा खालचा कमी करून. दोन्ही किती वाढलं-घटलं हे वेगळं काढायची एक सोपी युक्ती आहे. कागद-पेन घ्या, ढोबळ आकडे वापरू.

• तेव्हा: १.१८ लाख घरं, ६ लाख कामगार. म्हणजे सुमारे २० टक्के.
• समजा, नंतर एकही घर बांधलं नाही, फक्त कामगार सव्वादोन लाखांवर आले: १.१८ भागिले २.२५, म्हणजे सुमारे ५२ टक्के.
• आता घरंही ४ लाख धरा: ४ भागिले २.२५, म्हणजे जवळपास १७८ टक्के.

यातून तीन गोष्टी दिसतात. एक, एकही वीट न रचता ‘समाधान’ २० वरून ५२ टक्क्यांवर गेलं असतं. दोन, घरं खरोखर बांधली गेली, आणि भरपूर बांधली गेली. हे नाकारणं अन्यायाचं होईल. धौड्यातून दोन खोल्यांच्या पक्क्या क्वार्टरमध्ये, वीज-पाण्यात, कंपनीच्या दवाखान्याजवळ आलेल्या कुटुंबांचं आयुष्य बदललं. तीन, हिशोब १०० च्या बराच पुढे जातो. मग एवढी घरं असताना खाणपट्ट्यात झोपड्या का दिसतात?

उत्तर छेदात आहे. छेदात फक्त कंपनीच्या पटावरचा कर्मचारी मोजलाय. डंपर चालवणारा कंत्राटी ड्रायव्हर, मातीउपशावरचा मजूर, सायडिंगवर काम करणारा, हे सगळे त्याच कोळशासाठी राबतात, पण या गुणोत्तरात ते येत नाहीत. त्यांच्या नावाचा रकानाच नाही. १९४३ मधली ती जोडी आठवते? कायम कामगाराला कुटुंबासकट घर, आणि दुसऱ्याला छावणी. ती जोडी मोडली नाही. फक्त दुसरा गट आकड्याच्या बाहेर गेला.

अंशातही प्रश्न आहेत. मोजलेल्या घरांपैकी राहण्याजोगी किती? निवृत्त कुटुंबांकडे किती? जिथली खाण बंद झाली तिथल्या रिकाम्या क्वार्टरचा तीस किलोमीटरवरच्या नव्या खाणीतल्या कामगाराला काय उपयोग? देशपातळीच्या बेरजेत ही घरं आणि हे कामगार जवळजवळ ठेवलेले दिसतात, जमिनीवर ते दूर असतात.

आणि ज्यांच्या घराखाली कोळसा आहे ते?

घरांचा हिशोब कामगारापाशीही संपत नाही. झरियात १९१६ पासून जमिनीखाली आगी धुमसत आहेत. तिथल्या कुटुंबांना हलवण्यासाठी २००९ मध्ये मास्टर प्लॅन मंजूर झाला, बेलगडियाला वसाहत बांधली. जून २०२५ मध्ये केंद्राने सुमारे ५,९४० कोटींचा सुधारित आराखडा मंजूर केला. सुधारित आराखड्यात घराबरोबर उपजीविकेवर भर दिला आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. घर मिळालं पण कमाईची जागा लांब गेली, तर माणूस तिथे टिकत नाही. म्हणजे पन्नासच्या दशकातलाच धडा.

हे सगळं दूर झारखंडात आहे असं समजू नका. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपूरला आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी, वणी, उमरेड ही तिची क्षेत्रं. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस इथे आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावं लागलं. ‘घराखालचा कोळसा’ ही अडचण उत्पादन थांबल्यावरही संपत नाही, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

यातून संशोधनाचा प्रश्न कसा करायचा?

बरेच विद्यार्थी सारांशात लिहितात: “कोळसा खाण कामगारांच्या गृहनिर्माण समस्यांचा अभ्यास.” हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्नात तुलना हवी, काळ हवा, जागा हवी, आणि उत्तर चुकीचं निघायची शक्यता हवी. उदाहरणार्थ:

“वणी क्षेत्रात खुल्या खाणी वाढल्यानंतर कायम आणि कंत्राटी कामगारांच्या घर ते काम या अंतरात कसा फरक पडला?”

किंवा इतिहासात रस असेल तर: “उपकरावर चालणाऱ्या गृहनिधीचा फायदा मोठ्या खाणींच्या कामगारांना जास्त झाला का?”

दोन्ही प्रश्नांना “नाही” हे उत्तर येऊ शकतं. म्हणूनच ते विचारण्यासारखे आहेत.

साधनं कुठे मिळतील? डॉ. आंबेडकरांच्या मजूर खात्यातल्या कामासाठी महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चा दहावा खंड आधी वाचा. त्याच काळात सरकारने नेमलेल्या रेगे समितीच्या वतीने एस. आर. देशपांडे यांनी कोळसा खाण कामगारांच्या स्थितीवर १९४६ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला. तो प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला आहे. खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल, कोळसा नियंत्रकांची आकडेवारी आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ, हे सगळं घरबसल्या सुरू करता येतं. महिला खाण कामगारांवर कुंतला लाहिरी-दत्त यांचं आणि झरियाच्या कामगारांवर धीरज कुमार निते यांचं लेखन जरूर बघा.

वाचताना एक पथ्य पाळा. अधिकृत आकडा दिसला की लगेच “खोटा आहे” म्हणू नका. बहुतेक वेळा आकडा त्याच्या व्याख्येपुरता खरा असतो. आपलं काम ती व्याख्या उघडी करणं. दुसरं, ज्यांची नोंद कागदात नाही ते तिथे नव्हते, असा अर्थ काढू नका. १९४३ ची टोपली वाहणारी बाई आणि आजचा कंत्राटी ड्रायव्हर, दोघंही कागदात अंधूक दिसतात. पण त्यांनी उचललेला कोळसा मात्र टनाटनाने नोंदलेला आहे.

या आठवड्यासाठी एक छोटा अभ्यास. तुमच्या आवडीच्या क्षेत्रातलं कुठलंही एक ‘१०० टक्के’ घ्या: शाळांतली पटनोंदणी, नळजोडणी, शौचालयं, काहीही. अंश लिहा, छेद लिहा, आणि मग छेदात कोण नाही त्याची यादी करा. यादी जिथे लांबायला लागेल, तिथे तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण असू शकतं.